स्कूटरच्या क्लचची परीक्षा

छत्रपति संभाजीनगर शहराच्या दक्षिण अंगास गारखेडा नांवाचा भाग आहे. एके काळीं तें शहराबाहेरचें लहानसें खेडें होतें. आतां सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर, जवाहरनगर अशा वसाहतींनीं त्यास चोहोंकडून वेढलें असून गांव कोठें संपलें व शहर कोठें सुरू झालें हें नवख्या माणसास सांगतां यावयाचें नाहीं. या बाजूच्या लोकांना बीडच्या रस्त्याकडे जातांना अनेक वर्षें शिवाजीनगरचें रेल्वे फाटक ओलांडावें लागे. फाटक पडलें म्हणजे दोन्ही बाजूंस वाहनांची रांग लागे, आणि त्या रांगेंत एखादी जुनी स्कूटर हटकून असे. चालकानें डाव्या हातानें क्लचची दांडी पूर्ण आवळून धरलेली, तरीहि गाडी इंचाइंचानें पुढें सरकूं पाहणारी. चालक दोन्ही पाय टेकून तिला मागें रेटणारा. आणि अखेर इंजिन एक गचका खाऊन बंद! फाटक उघडतांच मागच्यांचे भोंगे सुरू होत व या गृहस्थाची किकशीं झटापट चाले. शेजारचे लोक सल्ला देण्यास उदार. कोणी प्लग काढावयास सांगे, कोणी पेट्रोलांत कचरा असल्याचें निदान करी. दोष मात्र या दोहोंत नसे. तो असे क्लचमध्यें, आणि पुष्कळदां क्लचमध्येंहि नसून क्लचपर्यंत जाणाऱ्या एका तारेंत असे.

ही तार दोन-चार फुटांची वस्तु. परंतु तिचें निदान चुकल्यामुळें इंजिनें उघडलीं गेलीं, नव्या चकत्या विनाकारण बसल्या, आणि कित्येक धडधाकट स्कूटरी मोडींत गेल्या. ज्या घरानें ती स्कूटर मिळविण्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहिली होती, त्या घराच्या दृष्टीनें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून या यंत्राचा थोडा इतिहास आणि त्याच्या परीक्षेची रीत एकत्र पाहणें सोयीचें होईल. कारण क्लचच्या पुष्कळशा खोडींचें मूळ त्याच्या जन्मकथेंतच आहे.

क्लचची गरज कां पडते? या शहरांत पाणचक्की न पाहिलेला मनुष्य विरळा. दुरून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्याच्या बळावर तेथें जातें फिरे. तें थांबवावयाचें तर पाणी वळविलें कीं काम झालें. इंजिनाची गोष्ट तशी नाहीं. तें प्रत्येक चौकांत बंद करून पुनः चालू करणें त्रासाचें, आणि फिरतें इंजिन उभ्या चाकाला एकदम जोडलें तर दोहोंपैकीं एकास हार खावी लागते: गाडी तरी उडी घेते, नाहीं तर इंजिन तरी मरतें. म्हणून दोहोंमध्यें एक मध्यस्थ नेमावा लागतो. हा मध्यस्थ प्रथम थोडा घसरतो, मग हळूहळू पकड घेतो आणि शेवटीं इंजिन व चाक यांना एकजीव करतो. चांगला क्लच म्हणजे योग्य वेळीं घसरणारा आणि योग्य वेळीं न घसरणारा क्लच. त्याचे सारे रोग या दोन वाक्यांशांतच सामावलेले आहेत.

मोटारींच्या आरंभकाळीं क्लचसाठीं चामडें लावलेला शंकु वापरीत. तो एकदम पकडी व गाडीला हिसका देई. पुढें एका मोठ्या चकतीऐवजीं अनेक लहान चकत्या एकीवर एक रचून त्या तेलांत फिरवाव्या, ही कल्पना रूढ झाली. इंग्लंडमधील प्राध्यापक हेले-शॉ यांचें नांव या पद्धतीशीं जोडलेलें आहे. एक चकती इंजिनाच्या बाजूची, तिच्यालगतची चाकाच्या बाजूची, पुनः एक इंजिनाची, असा तो थर. स्प्रिंगांनीं थर दाबला कीं सर्व चकत्या एकत्र फिरतात. दाब काढला कीं सुट्या होतात. लोखंडावर लोखंड घासूं नये म्हणून एकाआड एक चकतीस बुचाचें अस्तर देत. बाटलीच्या तोंडाचें जें बूच, तेंच हें. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागांतील एका ओक वृक्षाची ही साल तेलानें भिजली तरी पकड सोडीत नाहीं व दाबली असतां पुनः फुगते. या गुणामुळें मोटारसायकलींच्या क्लचमध्यें तिला मानाचें स्थान मिळालें, आणि तेथून ती स्कूटरींत आली.

स्कूटरीचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलींतला. पियाजिओ कंपनीचा पाँतेदेरा येथील कारखाना विमानें बनवीत असे. बाँबवर्षावांत त्याची धूळधाण झाली, आणि युद्धानंतर विमानांची मागणीहि उरली नाहीं. कंपनीचे चालक एन्रिको पियाजिओ यांनीं सामान्य माणसास परवडेल असें स्वस्त वाहन काढावयाचें ठरविलें व तें काम कोरादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्यावर सोंपविलें. दास्कानिओंना मोटारसायकल मुळींच आवडत नसे. तिच्यावर बसणें अवघड, तिच्या साखळीचें तेल कपड्यांना लागे, चाक पंक्चर झालें तर काढणें जिकिरीचें. त्यांनीं साखळीच काढून टाकली. इंजिन मागच्या चाकाशेजारीं आणून त्याला भिडविलें, पाय ठेवण्यास सपाट जागा केली, आणि गियर बदलण्याचें काम पायाकडून काढून डाव्या हाताच्या मुठीकडे दिलें. एप्रिल १९४६ मध्यें या वाहनाच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. गुंजारव करणाऱ्या व मध्यें बारीक कंबर असलेल्या त्या गाडीस 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाशी, हें नांव मिळालें. पहिल्या गाडीचें इंजिन अवघें ९८ घनसेंटिमीटरचें होतें.

आतां या रचनेंतील दोन गोष्टी क्लचच्या दृष्टीनें लक्षांत ठेवावयाच्या. पहिली ही कीं, साखळी नसल्यामुळें क्लच थेट इंजिनाच्या फिरत्या कण्याच्या टोकावरच बसविला गेला. तेथें वेग फार, पण पिळाचा जोर बेताचा. म्हणून तो आकारानें लहान ठेवतां आला व चाकाच्या आंतल्या अंगास एका छोट्या झांकणाखालीं मावला. त्यानंतर वर्षभरांत, १९४७ सालीं, मिलान येथील इनोचेंती कंपनीनें काढलेल्या लॅम्ब्रेटाची मांडणी निराळी. पुढें आपल्याकडे आलेल्या लॅम्ब्रेटांत इंजिनापासून क्लचपर्यंत साखळी असून क्लच पुढल्या दांड्यावर असे. त्यामुळें लॅम्ब्रेटाच्या पोटांतील खडखडाट साखळीचाहि असूं शकतो. व्हेस्पाच्या घराण्यांत तो संशय घेण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गियरची मूठ आणि क्लचची दांडी एकाच हातीं दिल्यामुळें दांडी मुठीबरोबर फिरते. पहिल्या गियरला ती वर जाते, पुढच्या गियरांना खालीं येते. अर्थात् तिला जोडलेली तारहि प्रत्येक गियरबरोबर थोडी वांकते व सरळ होते. दुचाकी चालविणें ज्यानें इतकें सोपें केलें, त्यानें त्या तारेला मात्र जन्मभराची मोलमजुरी लावून दिली. शहरांत दिवसाकांठीं कित्येक शेंकडा वेळां वांकणारी ही तार मुठीजवळच्या टोकापाशींच कां तुटते, याचें उत्तर दास्कानिओंच्या आराखड्यांत आहे.

हिंदुस्थानांत स्कूटर आली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. १९४९ सालीं स्थापन झालेली मुंबईची 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही कंपनी लॅम्ब्रेटाचे भाग जुळवून गाड्या विकूं लागली. दुसरा प्रवाह वर्ध्याच्या बजाज घराण्याचा. जमनालाल बजाज ज्यांच्या घरीं दत्तक गेले त्या बच्छराजजींच्या नांवानें २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघाली. १९४८ पासून तिनें परदेशी दुचाकी व तीनचाकी गाड्या आणून विकण्यास आरंभ केला. १९५९ सालीं सरकारकडून निर्मितीचा परवाना मिळाला, आणि पियाजिओशीं करार होऊन पुण्याजवळ आकुर्डी येथें व्हेस्पा तयार होऊं लागली. तो करार १९७१ सालीं संपला. पुढच्याच वर्षीं त्याच घडणीची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव घेऊन बाहेर पडली: 'चेतक'. नांव बदललें, आंतील क्लच मात्र त्याच कुळांतला राहिला. १९७५ सालीं स्थापन झालेल्या 'महाराष्ट्र स्कूटर्स'नें साताऱ्यास 'प्रिया' बनविली. तीहि याच घराण्यांतली. त्यामुळें एका गाडीचा क्लच ओळखणाऱ्या मिस्त्र्यास साऱ्या घराण्याची प्रकृति ठाऊक असे.

परवान्यांचा तो काळ होता. किती गाड्या बनवाव्या हें सरकार ठरवी, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट असे. चेतकसाठीं नांव नोंदवून दहा-दहा वर्षें वाट पाहण्याच्या हकीकती अजून घराघरांतून सांगितल्या जातात. मुलगी शाळेंत असतांना नोंदविलेली स्कूटर तिच्या लग्नांत आली, ही थट्टा वस्तुस्थितीला फारशी सोडून नव्हती. इतक्या तपश्चर्येनें मिळालेली गाडी बिघडली म्हणून कोणी टाकून देत नसे. ती दुरुस्त करावयाची, पुनः दुरुस्त करावयाची, आणि बापानंतर मुलानें चालवावयाची, हाच रिवाज होता.

औरंगाबादेस या सर्वांचा विशेष संबंध आला तो वाळूजमुळें. निजामाच्या राजवटींतून १९४८ सालीं मुक्त झालेल्या मराठवाड्यांत कारखानदारी नांवापुरती होती. १९५८ सालीं येथें विद्यापीठ आलें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, त्यानंतर औद्योगिक विकास महामंडळानें चिकलठाणा व रेल्वे स्टेशन या बाजूंस वसाहती आंखल्या. परंतु शहराचा खरा कायापालट नगर रस्त्यावरील वाळूजनें केला. १९ जानेवारी १९८४ रोजीं तेथें बजाज कारखान्याची कोनशिला बसली, आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजीं राष्ट्रपति ग्यानी झैलसिंग यांच्या हस्तें कारखान्याचें उद्घाटन झालें. त्याच्यामागून सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, कामगार आले, त्यांच्यासाठीं घरें आलीं. १९८२ च्या अखेरीस नगरपालिकेची महानगरपालिका झालेली होतीच. गारखेड्याच्या शेतांवर सहकारी सोसायट्यांचे फलक लागले ते याच पर्वांत. शिक्षक, कारकून, कारखान्यांतील कामगार असा हा मध्यम स्थितीचा संसार. आणि त्यांतील कित्येक घरांच्या दारांत एक स्कूटर.

त्या स्कूटरीवर काय काय लादलें जाई! पुढें उभा राहिलेला मुलगा, मागें आडवी बसलेली पत्नी, तिच्या मांडीवर धाकटें मूल, पायांशीं गॅसचें सिलिंडर किंवा गव्हाचें पोतें. इटलींतील विमान-अभियंत्यानें दोन माणसांचा हिशेब केला होता. चार माणसांची गाडी जागची हलवावयाची म्हणजे क्लचला नेहमीपेक्षां अधिक वेळ घसरावें लागतें; घसरण्यानें उष्णता होते, आणि उष्णतेनें बूच जळतें. आपल्याकडच्या चकत्या लौकर झिजतात म्हणून लोक मालास नांवें ठेवीत. माल वाईट नव्हता असें नाहीं. बाजारांत नकली चकत्यांचा सुकाळ होताच. परंतु भाराचा वांटा त्यांत मोठा होता हें विसरतां कामा नये.

आतां परीक्षेकडे वळावयाचें. जाणता मिस्त्री प्रथम पाना हातीं घेत नाहीं. तो विचारतो, "गाडी काय करते?" कारण क्लचच्या तक्रारी मुख्यतः दोनच: तो घसरतो, किंवा तो सोडीत नाहीं. या दोन तक्रारी परस्परविरुद्ध आहेत व त्यांचे उपायहि परस्परविरुद्ध आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला तर रोग दुणावतो, आणि बहुतेक गाड्यांचा नाश याच रीतीनें झालेला आहे.

घसरणारा क्लच ओळखावयाचा तो चढावर. दौलताबादेहून खुलताबादेकडे जाणारा घाट यास उत्तम. गाडी वरच्या गियरमध्यें असतां मूठ पिळली कीं इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गति वाढत नाहीं. जणूं बैल जोरानें पाय टाकीत आहे, पण जोतें सुटलेलें आहे. सपाटीवर हीच गाडी निरोगी भासते, म्हणून गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्यास महिनोन्महिने पत्ता लागत नाहीं. दुसरी खूण किकची. या घराण्यांत किकचा जोर गियरपेटींतून क्लचमार्गेंच इंजिनापर्यंत पोंचतो. क्लच घसरत असेल तर किक विरोध न होतां हलकी खालीं जाते, इंजिन फिरतच नाहीं. मालक समजतो, इंजिनाचा दाब गेला, रिंगा गेल्या; आणि सिलिंडर उघडण्याचा खर्च करून बसतो. किकचे दांते झिजले असतील तरीहि किक रिकामी जाते, पण तेव्हां ती करकरत, खडखडत जाते. क्लचमुळें रिकामी जाणारी किक गुळगुळीत असते. हा फरक पायाला कळतो, आणि एकदां कळला कीं विसरत नाहीं. येथें एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. किक मारण्यापूर्वीं स्कूटर कुशीवर कलती करण्याचा जो विधि घरोघर चाले, त्याचा क्लचशीं कांहीं संबंध नाहीं. तो कार्बुरेटरांत पेट्रोल पोंचावें म्हणून. क्लचच्या रोगावर तो कितीहि भक्तिभावानें केला तरी गुण यावयाचा नाहीं.

न सोडणारा क्लच म्हणजे रेल्वे फाटकापाशीं दिसलेला. दांडी आवळली तरी गाडी पुढें सरते, उभ्या गाडीस न्यूट्रल सांपडत नाहीं, पहिला गियर टाकतांच 'खट्ट' असा आवाज होऊन ती हिसका देते. यांत मानहानीपेक्षां धोका अधिक आहे. पुढें मुलगा उभा असलेली गाडी वर्दळींत आपल्या इच्छेविरुद्ध हातभर पुढें गेली तर काय होईल, हें सांगावयास नको.

घरच्या घरीं करावयाची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून गाडी दुसऱ्या गियरमध्यें टाकावी व ढकलावी. दांडी मोकळी असतां गाडी अडली पाहिजे, कारण चाकाबरोबर इंजिनहि फिरवावें लागतें. दांडी आवळतांच ती सहज पुढें गेली पाहिजे. मोकळ्या दांडीनेंहि ती सहज पुढें जात असून इंजिन फिरत नसेल तर क्लच घसरतो आहे. आवळल्यावरहि जड जात असेल तर तो सोडीत नाहीं. हिवाळ्याच्या पहांटे तेल घट्ट झालेलें असतें व थोडा अडथळा निरोगी गाडीसहि होतो. म्हणून ही परीक्षा गाडी एक फेरी मारून गरम झाल्यावर करावी.

यानंतर पाहावयाची ती दांडीची मोकळीक. दांडी बोटानें हलकेच ओढली असतां तार ताणली जाण्यापूर्वीं तिच्या मुळाशीं सुमारें दोन मिलिमीटर ढिलाई असावी. ही एवढीशी फट साऱ्या निदानाची किल्ली आहे. तार जुनी होऊन लांबली, तिचा एखादा पदर तुटला, किंवा आंतील पितळी दाबणी झिजली, तर फट वाढते. दांडी पूर्ण आवळूनहि चकत्यांपर्यंत पुरेसा दाब पोंचत नाहीं, व क्लच सोडीत नाहीं. उलट चकत्यांचें बूच झिजलें तर थर पातळ होतो, स्प्रिंगा त्याला बाहेरच्या अंगास सरकवितात, आणि फट कमी होत होत नाहींशी होते. मग दांडी हातांत न घेतांहि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो व घसरूं लागतो. फट वाढली तर तारेचा संशय घ्यावा. न छेडतां कमी झाली तर चकत्यांचा.

घाईचा कारागीर येथेंच फसतो. गाडी पुढें सरते म्हणून तो तार ताणून बांधतो. सरणें थांबतें, मालक खूष होतो. पण फट उरली नाहीं याकडे कोणीं पाहिलेलें नसतें. चार आठवड्यांनीं गाडी चढावर घसरूं लागते. दुसरा कारागीर म्हणतो, चकत्या गेल्या. त्या खरोखरच गेलेल्या असतात, कारण चार आठवडे त्या अर्धवट सुटलेल्या स्थितींत जळत होत्या. नव्या चकत्या बसतात, तार तशीच ताणलेली राहते, आणि त्याहि जळतात. तिसऱ्या खेपेस मालकाचा धीर सुटतो. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुनः करून घ्यावी लागते. त्या खर्चाचा विचार त्यांत मिसळला कीं भंगारवाल्यास हांक मारली जाते.

म्हणून परीक्षेचा क्रम हातापासून आंत असावा. प्रथम मुठीजवळचें तारेचें टोक पाहावें; तेथें एखादा केसासारखा पदर उभा राहिलेला दिसला तर तार बदलण्यास दुसरें कारण नको. दांडी जड चालत असेल तर तार वेष्टणांत कोरडी पडली आहे किंवा मूठ वळते त्या जागीं वेष्टण मोडलें आहे. मग खालीं इंजिनापाशीं यावें. झांकणाबाहेरची बोटाएवढी दांडी तारेनें पूर्ण फिरते कीं नाहीं, तारेस आवळणारा स्क्रू घसरत तर नाहीं ना, फट कमी-जास्त करणारा स्क्रू संपत तर आला नाहीं ना, हें पाहावें. शेजारीं गियरच्या दोन तारा असतात. त्यांचा दोष क्लचच्या माथीं मारला जातो. गाडी चालतां चालतां गियर निसटत असेल तर तेव्हांहि इंजिनाचा आवाज एकदम चढतो. पण त्याबरोबर हिसका बसतो व पुष्कळदां मूठहि हातांत उडते. क्लच घसरतांना हिसका नसतो.

तारा निर्दोष ठरल्या तर तेल. इंजिनासाठीं पेट्रोलांत मिसळतात तें तेल निराळें. गियर व क्लच यांचें तेल त्यांच्या पेटींत स्वतंत्र असतें, आणि तें अवघें पाव लिटरच्या घरांत. त्याची पातळी भरण्याच्या छिद्राच्या कांठाशीं पाहतात. तीस नंबरचें साधें तेल या क्लचला मानवतें. मोटारींचीं आधुनिक, महाग व अतिशय निसरडीं तेलें घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यांतील घर्षण कमी करणारीं द्रव्यें मोटारीस हितकर, पण ज्याचें आयुष्यच घर्षणावर अवलंबून आहे त्या क्लचला मारक. गाडी घसरूं लागण्यापूर्वीं तेल बदललें होतें काय, हा प्रश्न म्हणूनच विचारावा. काढलेल्या तेलाला जळका वास येत असेल, त्यांत बुचाचे काळे कण असतील, तर झांकण उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेल बाहेर न गळतां कमी होत असेल व नळींतून पांढरट धूर येत असेल तर क्लचच्या बाजूचें सील गेलेलें असतें आणि इंजिन तें तेल पीत असतें. हाहि रोग रिंगांच्या नांवावर खपविला जातो.

झांकण उघडल्यावर फार बोलण्यासारखें नाहीं. तेथें डोळ्यांस दिसतेंच. बूच झिजून धातूपर्यंत आलें आहे काय, पोलादी चकत्या तापून निळ्या पडल्या आहेत काय, कांचेच्या तुकड्यावर ठेवल्या असतां त्या डगमगतात काय, दाबणीचा मध्यभाग खोल गेला आहे काय, एवढें पाहावें. नव्या बुचाच्या चकत्या रात्रभर तेलांत भिजवून मगच बसवाव्या. क्लच कण्यावर बसविणारा नट खांचांचा असतो व त्यास त्याच्याच आकाराचा पाना लागतो. पुष्कळ ठिकाणीं तो छिन्नी व हातोडीनें फिरवितात. ही रानटी रीत आहे. खांचा तुटलेला नट पुरता आवळला जात नाहीं. मग कण्यावरची अर्धचंद्राकृति लहान चावी तुटते, इंजिन चालू असूनहि चाकाला जोर मिळत नाहीं, आणि कणाच बदलावा लागण्याची वेळ येते.

कंपनीनें २००९ च्या अखेरीस स्कूटर-निर्मिति थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० सालीं चेतक हें नांव विजेच्या गाडीवर परत आलें. तिला क्लच नाहीं. जुन्या गाड्यांचा क्लच केवळ आवाजावरून ओळखणारे मिस्त्री वयस्क झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांनीं आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्यांवरच हात बसविला आहे. तरी गारखेड्यांतील कांहीं जिन्यांखालीं, आच्छादनाखालीं झांकलेली एखादी चेतक अजून उभी आढळते. अशा गाडीची तक्रार बहुधा एकच: वर्षानुवर्षें उभी राहिल्यानें चकत्या एकमेकींस चिकटलेल्या असतात व दांडी आवळली तरी क्लच सुटत नाहीं. तेवढ्यावरून तो उघडूं नये. तेल बदलावें, मोकळीक नीट करावी, दांडी आवळून ती दोरीनें मुठीशीं बांधून रात्रभर ठेवावी. सकाळीं गाडी वरच्या गियरमध्यें टाकून, दांडी आवळलेलीच ठेवून, ती पुढें-मागें झोंके दिल्याप्रमाणें हलवावी. पुष्कळदां दहा-बारा झोंक्यांनंतर आंतून 'टक्' असा बारीक आवाज येतो, आणि चाक मोकळें फिरूं लागतें.